आरपार वारा

आमच्या डोंगरात अस्वलाला न भिणारी माणसं सापडतील, पण आरपार वाऱ्याला न भिणारं माणूस मला अजून भेटलेलं नाही. आरपार वारा म्हणजे साधा वारा नव्हे. घराची एक खिडकी उघडी राहिली तर ती नुसती थंडी. दोन बाजूंच्या दोन खिडक्या, किंवा एक खिडकी आणि एक दार, एकाच वेळी उघडी राहिली की जो घरात शिरतो तो आरपार वारा. तो मानेतून आत जातो, कानातून बाहेर पडतो आणि जाताना एखादी दाढ बरोबर नेतो. माझ्या आजेसासऱ्यांचं तोंड वाकडं झालं ते त्यानंच. शेजारच्या पारास्कीवाकाकूंची कंबर धरली तीही त्यानंच. आणि काकूंच्या थोरल्या मुलीचं जमलेलं लग्न मोडलं त्यालासुद्धा, काकूंना विचाराल तर, साखरपुड्याच्या दिवशी कुणीतरी उघडं टाकलेलं मागचं दार कारण होतं.

मी याश शहरातल्या विद्यापीठात रसायनशास्त्र शिकले. त्यामुळे माझी अवस्था गावातल्या बाकीच्या आयांपेक्षा वाईट आहे. त्यांना एका वाऱ्याची भीती. मला वाऱ्याचीही भीती वाटते आणि बंद खोलीतल्या हवेचीही. शेगडी, धूर, कोंडलेली हवा, यांवर जेवढं वाचता येईल तेवढं मी साबिन पोटात असतानाच वाचून ठेवलं होतं, आणि आता ते विसरता येत नाही.

साबिनचा हा पहिलाच हिवाळा. घर आमचं लाकडी, निळ्या रंगाचं, उतरत्या छपराचं. रस्त्याच्या बाजूची खोली माझी, माझ्या नवऱ्याची, म्हणजे तोआदेरची, आणि साबिनची. तिच्यामागची सासूबाईंची, तिची खिडकी आलुबुखाराच्या बागेकडे उघडते. मधल्या भिंतीत चिनी मातीच्या फरशांची एक उंच शेगडी आहे, ती दोन्ही खोल्या तापवते. खोल्यांमधलं दार सासूबाईंच्या हुकमावरून सदा उघडं असतं, नुसता जाड लोकरी पडदा लावलेला. पोर रडलं तर आपल्यालाही ऐकू आलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

सासूबाईंचं नाव सावेता. आरपार वाऱ्याच्या बाबतीत सगळं गाव त्यांना मानतं. बसमध्ये चढल्या की त्या तिकिटाआधी खिडक्या बघतात. साबिनच्या बाप्तिस्म्याला फादर त्याला पाण्यात बुडवणार एवढ्यात त्यांनी हात वर करून फादरना थांबवलं, जाऊन चर्चचं बाजूचं दार लावलं, कडी घातली, आणि परत येऊन म्हणाल्या, हं, चालू द्या. फादरनी चालू दिलं.

शरदात त्या घराच्या सगळ्या दुहेरी खिडक्यांच्या मधल्या फटीत कापूस भरतात आणि त्या कापसावर बिहीची पिवळी फळं ओळीनं मांडतात. फळांचा वास हिवाळाभर पुरतो. त्या खिडक्या मग इस्टरपर्यंत उघडायच्या नसतात.

भांडण होतं ते पाळण्याचं. सासूबाईंना तो हिवाळ्यापुरता स्वतःच्या खोलीत हवा होता. त्यांची खोली आतल्या बाजूला, रस्त्यापासून लांब, म्हणून जास्त सुरक्षित. आणि मला साबिनच्या श्वासाचा आवाज आल्याशिवाय झोप येत नाही. आवाज आला तरी मी उठते आणि त्याच्या नाकाखाली बोट धरून बघते. पडद्यापलीकडचं नाक मी कसं बघणार? ऑक्टोबरभर आम्ही दोघी अतिशय गोड आवाजात भांडलो. शेवटी तह झाला. खिडकी बंद राहील तोवर पाळणा माझ्याकडे. ती उघडलेली दिसली, की इस्टरपर्यंत पाळणा त्यांच्याकडे. या तहाला तोआदेर साक्षीदार होता, म्हणजे बोलणं सुरू होताच तो लाकडं फोडायला अंगणात गेला. आमच्याकडे एवढी फोडलेली लाकडं आहेत की अर्ध्या गावाला पुरतील.

आणि मग कंपुलुंगच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की शेगडीच्या खोलीत रोज सकाळी थोडा वेळ खिडकी उघडत जा. थोडा वेळ म्हणजे किती, हे विचारायला मी त्यांना घरी येऊन फोन केला. त्या म्हणाल्या, बाई, थोडा म्हणजे थोडा.

तर माझी रोजची सकाळ अशी. सासूबाई बादली घेऊन गोठ्यात जातात. बादलीची कडी वाजत वाजत लांब गेली की मी साबिनला एका टोपीवर दुसरी टोपी घालते, पाळण्यात तीन पांघरुणांखाली दाबते, बिहीची फळं एकेक करून उतरवते, कापूस गुंडाळून ठेवते आणि खिडकी उघडते. बाहेरची हवा दुधासारखी आत येते. मधल्या दारावरचा पडदा लगेच शिडासारखा फुगतो. मला दरवेळी नवल वाटायचं, एवढ्याशा खिडकीत केवढं बळ. मग खिडकी लावायची, कापूस, फळं, टोपी उतरवायची, आणि बादलीचा आवाज परत येईपर्यंत चेहरा साधा करायचा.

हे सगळं सुरळीत चाललं होतं. मग एका सकाळी मी खिडकी उघडली तर ओढ्यापलीकडच्या उतारावर, गुडघाभर बर्फात, एक माणूस उभा. समोर तीन पायांची घोडी, त्यावर चित्राची चौकट. त्यानं माझ्याकडे बघून आपली केसाळ टोपी उचलली.

ते लेओंतीन मास्तर. बोतोशानच्या शाळेत त्यांनी जन्मभर चित्रकला शिकवली, आणि आता निवृत्त होऊन फादरांकडे मुक्कामाला आले होते. हिवाळ्याची चित्रं काढायची आणि डिसेंबरच्या सुरुवातीला, संत निकोलसच्या दिवशी, सांस्कृतिक भवनात सगळ्या गावाला दाखवायची, असा त्यांचा बेत. हे मला माहीत होतं. ते रोज सकाळी कुणाचं तरी घर काढतात हेही माहीत होतं. फक्त त्या सकाळी, आणि आधीच्या किती सकाळी कोण जाणे, ते आमचं घर काढत होते हे माहीत नव्हतं.

मी खिडकी लावली. फळं कशीतरी मांडली. सगळ्या गावासमोर, सासूबाईंच्या डोळ्यांसमोर, भिंतीवर टांगलेली माझी उघडी खिडकी. याहून मोठा पुरावा कुठल्या कोर्टात तरी मिळेल का?

दुसऱ्या सकाळी सासूबाई चीज करायला बसल्यावर, साबिनला हवा देऊन आणते असं सांगून मी निघाले. त्यावर त्यांची हरकत नसते. बाहेरची हवा औषधी, घरातली हवा औषधी, फक्त दोन्हींची भेट होऊ द्यायची नाही. साबिनला छातीशी बांधून मी ओढ्यावरची फळी ओलांडली आणि चढ चढून मास्तरांच्या मागे जाऊन उभी राहिले.

खरं सांगायचं तर चित्र सुंदर होतं. आमचं घर मी रोज बघते, पण ते एवढं शांत असतं हे मला ठाऊक नव्हतं. छपरावरच्या बर्फाला गुलाबी कड होती. कुंपणाच्या प्रत्येक खांबावर बर्फाची एकेक टोपी होती, साबिनच्या दुसऱ्या टोपीसारखी. उजवीकडचा भाग अजून कोरा होता, तिथे नुसत्या कोळशाच्या रेघा. आणि घराच्या मधोमध एक काळा चौकोन. त्यात एक पांढरा ठिपका. तो माझा हात होता.

"तुम्ही माझी खिडकी काढलीत," मी म्हटलं.

"काढली. आवडली का?"

"बंद करा."

मास्तरांनी मान वर करून ओढ्यापलीकडे बघितलं. "बंदच आहे की."

"तिथली नाही. इथली."

त्यांनी कोटाच्या आतून रंगाची एक नळी काढली. थंडीत रंग घट्ट होतो म्हणून सगळ्या नळ्या ते बगलेत ठेवायचे, आणि एखादी काढताना काखेतला थर्मामीटर काढून बघितल्यासारखे बघायचे. मग सावकाश मला समजावू लागले. छप्पर पांढरं, अंगण पांढरं, कुंपण पांढरं. हा एक काळा चौकोन आहे म्हणून आत माणसं आहेत हे कळतं. तो बुजवला तर हे घर नाही, साखरेत घोळवलेला केक होईल. मी म्हटलं केक चालेल. ते म्हणाले, कलेचं काय? तेव्हा मला सगळं सांगावं लागलं, डॉक्टरीणबाई, तह, पाळणा, इस्टर. मला वाटलं शहरातला माणूस आहे, हसेल आणि सोडून देईल. पण मास्तरांच्या भुवया वर गेल्या.

"म्हणजे खिडकी उघडी असताना बाळ आत होतं?"

"तीन पांघरुणांखाली."

"आणि कान?"

"दोन टोप्या."

"हं," मास्तर म्हणाले, पण त्यांचं समाधान झालेलं नव्हतं. साबिनच्या कानांकडे बराच वेळ बघत राहिले. मला राग आला. मी म्हटलं, तुम्ही स्वतः सकाळपासून डोंगराच्या उतारावर वाऱ्यात उभे आहात, तुमच्या कानांचं काय?

"मी उघड्यावर आहे, बाई. उघड्यावर आरपार वारा कुठून येणार? त्याला भिंती लागतात."

एवढं रसायनशास्त्र शिकूनही हे मला मनातल्या मनात पटलं, आणि ते जास्त लागलं.

पण माणूस भला. काळ्या चौकोनावर त्यांनी निळसर करडा रंग ओढला, तावदानाच्या मधली रेघ काढली, आणि खाली ओळीनं चार-पाच पिवळे ठिपके दिले. माझा हात गेला. "फळं माझ्याकडून," ते म्हणाले. मग मागे सरकून त्यांनी डोळे बारीक केले आणि सुस्कारा सोडला. म्हणाले, आता घर गुदमरतंय, चित्रात कुठूनतरी श्वास घ्यायला जागा हवी, बघतो काय सापडतं ते. मी ते नीट ऐकलं नाही. माझी खिडकी बंद झाली होती. उतरताना मी साबिनला गाणं म्हणून दाखवलं आणि फळीवरून जवळजवळ उड्या मारत आले. त्यानंतरचे दिवस खिडकी उघडण्याआधी मी उताराकडे बघायचे. मास्तर दिसले तर हात हलवायचे, आणि मग उघडायचे. आता त्यांची भीती नव्हती.

संत निकोलसच्या दिवशी प्रार्थना संपल्यावर सगळं गाव सांस्कृतिक भवनात लोटलं. नाताळाआधीचे उपवासाचे दिवस, म्हणून टेबलावर तेलात तळलेले गोड वडे, वाटलेल्या चवळीवर परतलेला कांदा, अक्रोड, आणि ज्यांना उपवासात चालते त्यांच्यासाठी आलुबुखाराची दारू. ती सगळ्यांनाच चालत होती. भिंतींवर चित्रं. आणि प्रत्येकजण फक्त आपलं घर शोधत होता. एकाला आपल्या गवताच्या गंजीचा उतार मान्य नव्हता. पारास्कीवाकाकूंची तक्रार होती की त्यांचं कुंपण मोडकं दाखवलंय. मास्तर म्हणाले, काकू, ते मोडकंच आहे. काकू म्हणाल्या, ते मला माहीत आहे, पण रंगच लावायचा होता तर चार फळ्या जास्त लावल्या असत्या तर काय बिघडलं असतं?

सासूबाईंनी आत आल्या आल्या मागचं दार लावलं, कारण पुढचं उघडं होतं. मग डोक्यावरचा रुमाल नीट करून त्या चित्रांकडे वळल्या. साबिन तोआदेरच्या खांद्यावर होता. मी त्यांच्या मागोमाग. आमच्या चित्रासमोर आलो तेव्हा मी आधी पुढच्या खिडकीकडे बघितलं. बंद. पिवळे ठिपके जागेवर. माझा जीव भांड्यात पडला.

मग मी उजवीकडे बघितलं.

उजवीकडचा कोरा भाग आता भरला होता. बागेकडची भिंत, तिच्यावर सकाळची निळी सावली, आलुबुखाराची बोडकी झाडं. आणि त्या सावलीत एक खिडकी सताड उघडी. तिच्या कठड्यावरून एक दुलई बाहेर लोंबत होती.

पहिल्यांदा मला वाटलं, मास्तरांनी मनानं काढली. घराला श्वास हवा म्हणत होते ना. पण दुलईला निळ्या चौकटी होत्या, आणि कोपऱ्यात लाल ठिगळ. ती दुलई मी धुते. ते ठिगळ मी लावलंय.

मास्तर मनानं काही काढत नाहीत. मोडकं कुंपणसुद्धा मोडकंच काढतात.

"सावेता," पारास्कीवाकाकूंचा आवाज आला, आणि त्यांचा आवाज असा आहे की तो आला की बाकीचे आपोआप थांबतात. "ही बागेकडची खिडकी तुझीच ना गं?"

काकूंनी बोट खाली दुलईवर नेलं.

"आणि ही दुलई. निळ्या चौकटीची. तुझीच की. बर्फात सताड उघडी खिडकी. आणि बसमध्ये आम्हाला उकडून काढतेस."

कुणीतरी हसलं. सगळे चित्रासमोर गोळा झाले. मी सासूबाईंच्या बाजूला होते, म्हणून जे इतरांना दिसत नव्हतं ते मला दिसत होतं. रुमालाच्या कडेखाली त्यांचा कान लाल होत चालला होता. त्यांचा हात हनुवटीखालची गाठ चाचपत होता, सोडत होता, पुन्हा बांधत होता. मी या घरात आल्यापासून त्यांना काय बोलावं हे सुचलं नाही असं कधी झालं नव्हतं.

मी गप्प बसले असते तर पाळणा जन्मभर माझा होता. तहाचा प्रश्नच उरला नसता. हे मला त्या क्षणी लख्ख कळत होतं, मी काही देवमाणूस नाही. पण ती गाठ पुन्हा सुटली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

"काकू, ती मी उघडली होती. साबिननं आजीची दुलई भिजवली. मी वाळत घातली आणि खिडकी लावायची राहिली."

"डिसेंबरात?"

"भिजवली पण डिसेंबरातच ना."

मग माझी पाळी आली. गावातल्या सगळ्या आयांनी आणि आज्यांनी मला मध्ये घेतलं. एकीनं मोज्यात कांदा ठेवायला सांगितलं. दुसरीनं सांगितलं की कांदा नको, बटाटा. शिकलेल्या मुलींना पुस्तकातलं सगळं कळतं, खिडकीची कडी तेवढी कळत नाही, असं काकूंनी हवेत म्हटलं. तोआदेर माझ्याकडे बघत होता, आईकडे बघत होता, आणि इथे फोडायला लाकडं नाहीत म्हणून बिचाऱ्याला जायला जागा नव्हती. मी मान खाली घालून ऐकत होते आणि मनात एकच चालू होतं. सगळ्या गावासमोर कबूल केलंस, बाई. आता पाळणा गेला.

तेवढ्यात सासूबाईंचा आवाज फुटला.

"पारास्कीवा, एका खिडकीनं आरपार वारा होत नाही. एवढं वय झालं तुझं. बघ इकडे, पुढची बंद आहे." त्यांनी चित्रातल्या माझ्या खिडकीवर बोट ठेवलं. "बंद आहे की नाही? फळंसुद्धा जागच्या जागी आहेत. मग कसला वारा?"

सगळे वाकून बघायला लागले. बंद होती. फळं होती. काकूंनाही ते मान्य करावं लागलं. कोपऱ्यात मास्तरांना वडा घशात अडकल्यासारखा खोकला आला. मी त्यांच्याकडे बघितलं नाही, त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

घरी येताना सासूबाई पुढे आणि मी मागे, बर्फ पायाखाली करकरत होतं. दारात पोचताच तोआदेर साबिनला माझ्याकडे देऊन लाकडांकडे गेला. सासूबाई थेट माझ्या खोलीत शिरल्या. पाळण्यापाशी थांबल्या. त्याच्या कठड्यावर हात ठेवला. मी साबिनला घट्ट धरलं आणि ठरवलं की रडायचं नाही, निदान त्या पाळणा उचलेपर्यंत.

त्यांनी पाळणा उचलला नाही. त्या खिडकीपाशी गेल्या.

"मोठं फळ डाव्या कोपऱ्यात असतं," त्या म्हणाल्या. "तू रोज ते मधे ठेवतेस."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. "रोज?"

"रोज. आणि कापूस उलटा भरतेस. गुळगुळीत बाजू बाहेर हवी."

"तुम्हाला माहीत होतं? मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर पाळणा माझ्या खोलीत आणावा लागला असता."

"पण आई, तुम्हाला तेच हवं होतं ना?"

"हवं होतं. ऑक्टोबरात." त्या माझ्या पलंगाच्या कडेवर बसल्या आणि रुमालाची गाठ सोडली. "मग शेगडी पेटली. अगं, पोराला ऊब मिळावी म्हणून मी लाकडं कोंबते. ते तोंड माझ्या बाजूला आहे. तुझ्याकडे ऊब येते, माझ्याकडे भट्टी होते. रात्रभर मी पावासारखी भाजते. सकाळी खिडकी उघडली नाही तर जीव घाबरा होतो. पोर तिथे असतं तर मी खिडकीला हात लावला असता का? मेले असते, पण लावला नसता."

मी साबिनला मांडीवर घेऊन त्यांच्या शेजारी बसले. त्यांनी उठून मोठं फळ डाव्या कोपऱ्यात ठेवलं. मला एकदम हलकं वाटलं, एवढं हलकं की मी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, तुम्ही खिडकी कधी उघडता?

"गोठ्यात जाताना. दूध काढून आले की लावते. तू?"

"तुम्ही गोठ्यात गेल्यावर."

आमचं दोघींचं लक्ष एकाच वेळी मधल्या पडद्याकडे गेलं. तो आता सरळ लोंबत होता. मला रोज सकाळी शिडासारखा फुगलेला तो पडदा आठवला, आणि एवढ्याशा खिडकीत केवढं बळ, असं वाटून झालेलं नवलही आठवलं. पडदा आणि बागेकडची खिडकी यांच्या मधोमध काही नाही. पडदा आणि माझी खिडकी यांच्या मधोमध पाळणा आहे.

सासूबाईंनी छातीवर क्रूसाची खूण केली. तीनदा साबिनवर थुंकल्यासारखं केलं. "कान बघ," त्या म्हणाल्या. मी विजेरी आणली, त्यांनी चमचा आणला. आम्ही त्याचे कान बघितले, घसा बघितला, मान दोन्ही बाजूंना वळवून बघितली, तोंड सरळ आहे ना बघितलं. सगळं सरळ आणि गुलाबी होतं. सगळा नोव्हेंबर आरपार वाऱ्यात काढून पोरगं मोसंब्यासारखं टवटवीत होतं. साबिननं चमचा हिसकावून घेतला, आमच्याकडे बघून हसला, आणि शिंकला.

आम्ही दोघी दगड झालो.

मग सासूबाई म्हणाल्या, "ती शिंक नव्हे. हसू नाकातून आलं."

"मलाही तसंच वाटलं," मी म्हटलं.

नाताळच्या आधी मास्तर बोतोशानला परत निघाले. जाताना ते चित्र काखेत घेऊन आमच्याकडे आले. म्हणाले, हे कुणी विकत घेणार नाही, जो बघतो तो रंगाबद्दल न बोलता कड्यांबद्दल बोलतो, तेव्हा तुमच्याकडेच राहू दे. मग आवाज खाली आणून त्यांनी सासूबाईंना विचारलं, वाटल्यास बागेकडची खिडकीही बंद करून देऊ का, रंग आहेत बगलेत. सासूबाईंनी विचार केला. म्हणाल्या, नको, ओल्या रंगाचा वास घरभर सुटेल, मग खिडक्या उघडाव्या लागतील.

चित्र त्यांनी मधल्या दाराशेजारच्या भिंतीवर लावलं, शेगडीपासून लांब. आणि आमच्याकडे देवाच्या तसबिरीवर टाकतात तसा लाल भरतकामाचा एक लांब टॉवेल त्याच्यावर टाकला, दोन्ही टोकं दोन्ही बाजूंना सोडून. उजवं टोक बरोबर बागेकडच्या खिडकीवर येतं. पारास्कीवाकाकू साखर मागायला आल्या होत्या तेव्हा बराच वेळ मान वाकडी करून बघत होत्या, पण देवाचा टॉवेल उचलून बघायची हिंमत त्यांना झाली नाही.

आता आमचा नवा तह आहे. कुठे लिहिलेला नाही, बोललेलाही नाही. सकाळी मी उठले की आधी चित्राकडे बघते. उजवं टोक खाली असेल तर दिवस माझा. ते उचलून खिळ्याला अडकवलेलं असेल, तर सासूबाईंची खिडकी उघडी आहे, आणि मी माझ्या फळांना हात लावायचा नाही. तोआदेरला हे अजून माहीत नाही. त्याला वाटतं त्याच्या आईला चित्र अधूनमधून बघावंसं वाटतं, आणि मी त्याला तसंच वाटू दिलंय.

आज सकाळी टोक वर होतं. बादलीची कडी गोठ्याकडे लांब गेली. चित्रातल्या निळ्या सावलीत दुलई लोंबत होती. मी माझी खिडकी तपासली, कडी तपासली, मोठं फळ डावीकडे आहे ना ते बघितलं. तरी पडदा जरासा हलला. अगदी जरासा.

मी साबिनला तिसरी टोपी घातली.